रुबार्बचा मेथांबा जमेपर्यंत

यॉर्कशरमधल्या वेकफिल्डला राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून रुबार्बची एक जुडी माझ्या हाती दिली. बोटाएवढे जाड, हातभर लांब, बुडाशी लाल आणि वर हिरवट होत गेलेले देठ होते. पाने त्यांनी आधीच छाटून टाकली होती. घरात येऊन मी एक तुकडा तसाच चावून पाहिला आणि कोवळी कैरी खाल्ल्यासारखे दात आंबले. आमच्या घरी आंबट सगळ्यांनाच प्रिय, त्यामुळे हा देठ आपल्या पानात आलाच पाहिजे असे मी त्याच दिवशी मनाशी धरले. तो तिथे खऱ्या अर्थाने यायला मात्र तीन उन्हाळे जावे लागले.

पहिल्या खेपेस मी सगळेच चुकवले. भाजी शिजवताना थोडे पाणी घालायची सवय हाताला असते, तशी मी वाटीभर पाणी घातले. वास्तविक या देठात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि आच लागताच ते आपोआप सुटते. पाच-सात मिनिटांत तुकड्यांचे दोरे सुटून त्यांचा हिरवट लगदा झाला. शिवाय मी तो ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवला होता. आंबटाला ते भांडे चालत नाही हे चिंचेमुळे मला चांगले माहीत होते, पण परक्या भाजीसमोर आपलेच शहाणपण आठवत नाही. मुलीने एक चमचा चाखून वाटी बाजूला सारली.

त्या हिवाळ्यात आजोबांनी त्यांच्या जुन्या गड्ड्याचा एक फाटा कुदळीने तोडून मला लावायला दिला आणि पहिल्या वर्षी त्याचा एकही देठ तोडायचा नाही, अशी ताकीदही दिली. म्हणून दुसऱ्या वर्षी मी फेब्रुवारीतच बाजारातून रुबार्ब आणला. वेकफिल्ड, मोर्ली आणि रॉथवेल यांच्यामधला सुमारे ९ चौरस मैलांचा पट्टा यासाठीच प्रसिद्ध आहे. येथे गड्डे दोन वर्षे उघड्या शेतात वाढवतात, थंडीचा कडाका त्यांना लागू देतात आणि मग उपटून अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये मांडतात. उजेड नसल्यामुळे देठ कोवळे आणि गुलाबी राहतात, आणि तोडणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात होते. २०१० साली या रुबार्बला युरोपीय संघाचे भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले. ते देठ हातात घेतल्यावर त्यांना पातेल्यात घोटायचे धाडस झाले नाही. मी त्यांचे दोन-दोन इंचांचे तुकडे केले, वर साखर, संत्र्याची किसलेली साल आणि आल्याचा रस घातला, काचेचे भांडे झाकून १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ओव्हनमध्ये ठेवले आणि चमचा अजिबात लावला नाही. तुकडा न् तुकडा अख्खा राहिला, रंगही टिकला. तो मी गोड न केलेल्या चक्क्याबरोबर वाढला आणि मुलीने दुसऱ्यांदा मागून घेतला.

तरीही तो पाहुणाच वाटत होता. तिसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या, तोवर आमचा गड्डा चांगला पसरला होता. देठ कापायचा नसतो, बुडाशी धरून किंचित पिळत ओढून काढायचा असतो, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी टोक चावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपला चुकाच की!" त्यांच्या जिभेने बरोबर ओळखले होते, कारण आंबट चुका आणि रुबार्ब वनस्पतिशास्त्रानुसार एकाच कुळातले आहेत. वैद्यांकडची रेवाचिनी म्हणजेही रुबार्बच्याच हिमालयातल्या भावंडाचे मूळ.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा त्यांनी तीच रुंद पाने धुऊन, पुसून ओट्यावर पसरली होती आणि शेजारी बेसन भिजवले होते. त्यांना अळूवड्या करायच्या होत्या. "आई, ही पाने विषारी असतात," असे मी इतक्या घाईने म्हणाले की त्या दचकल्या. अळूची खाज चिंचेने आवरते, तसे इथे होत नाही; या पानांत ऑक्झॅलिक आम्ल फार असते आणि शिजवूनही धोका जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ही पाने भाजी म्हणून खाण्याचा सल्ला दिला गेला होता आणि त्यातून विषबाधा झाल्या होत्या. म्हणून देठ घरात आणण्यापूर्वीच पाने छाटायची, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो. ते आम्ल थोड्या प्रमाणात देठातही असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास होऊन गेलेले माझे यजमान चमचाभरच घेतात.

बेसनाची धिरडी झाली आणि देठांचा मेथांबा करायचे ठरले. पहिला बिघडला. कैरीच्या फोडी फोडणीत वाफवून मग गूळ घालतात, तसेच आम्ही केले आणि गूळ विरघळेपर्यंत फोडी विरून गेल्या. आई पातेल्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा नाजूक आहे. याला आधी गुळात मुरू दे."

तेव्हापासून आम्ही क्रम उलटा केला आहे. अर्धा किलो देठांचे इंचभर तुकडे करून त्यांना पाव किलो चिरलेला गूळ आणि मीठ चोळून दोन तास ठेवायचे. गूळ तुकड्यांतले पाणी ओढून घेतो आणि तळाशी रस साचतो. तुकडे झाऱ्याने बाजूला काढायचे. स्टीलच्या पातेल्यात तेलावर मोहरी, हिंग आणि चमचाभर मेथीदाणे लालसर होईपर्यंत परतायचे, त्यात तिखट आणि तो रस घालून मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा, आणि मगच तुकडे सोडून, पातेले नुसते हलवत, तीन-चार मिनिटांत गॅस बंद करायचा. हळद आम्ही घालत नाही, कारण तिने रंग मातकट होतो. मेथी मात्र काळी पडू द्यायची नाही. रुबार्बच्या आंबटपणाशेजारी जळक्या मेथीचा कडूपणा फार टोचतो.

त्या दिवशी गरम पोळीबरोबर सगळ्यांनी तो खाल्ला, आणि एक छोटी बरणी आजोबांकडे गेली. ते तो चीजबरोबर पावावर घालून खातात. जूनअखेर आम्ही तोडणी थांबवतो, म्हणजे गड्ड्याला पुढच्या वर्षासाठी बळ मिळते. यंदा आई साताऱ्यालाच आहेत. पहिल्या तोडीचा मेथांबा झाला की मी व्हिडिओ कॉलवर बरणी तिरकी करून दाखवते आणि पाक काचेवरून हळू सरकतो आहे ना, हे त्या चष्मा लावून बघतात.