सराववही, आठवडा ७: ताणाचा रकाना

सहाव्या आठवड्यापर्यंत वहीत तीनच रकाने होते: अंतर, वेळ, नाडी. आता चौथा वाढवलाय आणि त्याचा धावण्याशी थेट संबंध नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातली रात्रपाळी, खानापूरकडची रोप लावण, दवाखान्यात पेशंटजवळ काढलेली रात्र, उताऱ्यासाठी मारलेल्या चकरा, सगळं त्यात येतं. डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनसाठीचा सरावाचा तक्ता कितीही नेटका असो, बाकीचे २३ तास माणूस आरामात लोळतोय असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

रकाना असा भरायचा. सकाळी चहाच्या आधी झोप, थकवा, ताण आणि अंगदुखी यांना १ ते ७ गुण द्यायचे. १ उत्तम, ७ वाईट. (हूपर आणि मॅकिनन यांची १९९५ची पद्धत.) बेरीज ४ ते २८ च्या मध्ये येते. एका दिवसाच्या आकड्याने घाबरायचं नाही. आपल्याच मागच्या दोन आठवड्यांच्या सरासरीपेक्षा बेरीज सलग तीन दिवस ४-५ ने जास्त आली, की सराव कमी. हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. दुसऱ्याच्या बेरजेशी तुलना तर अजिबात नको.

धावून आल्यावर अर्ध्या तासाने मेहनतीला ० ते १० गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचं. अर्धा तास थांबायचं ते शेवटच्या चढाची धाप गुणांत उतरू नये म्हणून. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात ६० मिनिटांची ईझी रन (गप्पा मारता येतील इतकी सावकाश धाव) ३ गुणांची असेल तर १८०. दोन रात्री झोप नसताना तीच वाट, तोच वेग, पण गुण ६, म्हणजे ३६०. अंतर तेवढंच, ओझं दुप्पट. इथे हमखास होणारी चूक अशी, की तक्त्यात ‘ईझी’ लिहिलंय म्हणून डोळे झाकून ३ टाकले जातात. मग वही खोटी बोलते.

नुसत्या नाडीवर भागत नाही. मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही जणांना आधी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकलचं पॅडल मारायला लावलं. एरवीपेक्षा ते लवकर थांबले, पण नाडी किंवा ऑक्सिजनच्या आकड्यांतून त्याचं कारण सापडलं नाही. मेहनत मात्र सुरुवातीपासूनच जास्त वाटत होती. मार्चअखेरीला हिशेब जुळवून संध्याकाळी धावणाऱ्याला घड्याळ ‘सगळं ठीक’ दाखवतं ते यामुळेच. झोपमोड आणि लांबलेली काळजी मात्र सकाळच्या नाडीत बऱ्याचदा दिसते. जाग आल्याबरोबर, पडल्या पडल्या, पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. ताप, कमी पाणी आणि आदल्या दिवशीचा जड सराव यांनीही नाडी चढते. दरवेळी खापर ताणावर फोडू नका.

ताणात पाय सावरायलाही वेळ लागतो. २०१४च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांकडून पायांचा जड व्यायाम करून घेऊन ९६ तास ताकद मोजली. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त, त्यांची ताकद हळू परतली. म्हणून अशा आठवड्यात दोन जड दिवसांत ४८ ऐवजी ७२ तास ठेवलेत.

खरा घोळ होतो तो काय कापायचं यात. ‘डोकं हलकं करायला’ म्हणून राजहंसगडाचा चढ जीव तोडून मारायचा, ही आपल्याकडची आवडती चूक. तासभर बरं वाटतं, वसुली गुरुवारी होते. मंगळवारचे इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत तुकड्यांनी जोरात धावणं, ६ × १००० मीटरवरून आता ३ × १०००. वेग तोच, मध्ये ३ मिनिटं चालणं. गुरुवारच्या टेम्पोऐवजी (सलग, जरा जोरातली धाव) ४० मिनिटं ईझी. रविवारचे १८ किलोमीटर १२-१३ वर, सपाट रस्त्याने. हिक्सनच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत जोर टिकवून सरावाचे दिवस किंवा वेळ घटवली, तरी ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता १५ आठवडे टिकली. पण रोजचा वेळ एक तृतीयांशावर आणलेल्यांची लांब पल्ल्याची दमछाक वाढली. रविवार १२ किलोमीटरच्या खाली न नेण्याचं कारण हेच.

पुढे गणपती आहेत. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे अनंत चतुर्दशी आणि पुढचे दोन दिवस वहीत आधीच कोरे सोडलेत. राहिलेली लाँग रन नंतर भरून काढायची नाही. हरतालिकेचा किंवा संकष्टीचा उपास असेल त्या दिवशी इंटरव्हल नको. पोटात काही नसणं हाही ताणच, आणि साबुदाण्याच्या वाटीभर खिचडीवर तीन हजार मीटर जोरात निघत नाहीत की.

आठवडा ८, मंगळवार: ३ × १०००, तेही सकाळची बेरीज बघून.