स्कोन फुगेनात तेव्हा

चौथ्या खेपेला फुगले एकदाचे स्कोन, म्हणजे चहासोबत खायचे ते छोटे, जाडसर इंग्रजी पाव!

साहित्य अगदी साधं. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं), ५५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर, मूठभर सुलताना (बिनबियांचे बेदाणे), चिमूटभर मीठ, १५० मिली दूध. इथे इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये शाळकरी पोरंसुद्धा फ्रूट स्कोन करतात. मी २५ वर्षं करंज्या-शंकरपाळे करत आलेली, मला काय अवघड? हाच माज नडला.

पहिल्या खेपेला लोणी तापवून पिठात ओतलं. मोहन कडकडीतच हवं, पिठाचा मुटका वळला की झालं, हे हातातच बसलेलं. निघाल्या त्या बट्ट्या. नवरा खानदेशातला, त्यानं शांतपणे वरण मागितलं. लोणी फ्रिजमधलं गार हवं आणि ते नुसत्या बोटांच्या टोकांनी, रवाळ होईपर्यंत चोळायचं. तळव्याची ऊबही जास्त होते.

दुसऱ्यांदा लोणी गार घेतलं, पण दूध घातल्यावर कणकेसारखा गोळा मळला आणि वर ओलं फडकं टाकून अर्धा तास मुरत ठेवला. मळल्यानं पीठ चिवट झालं. शिवाय दूध लागल्याबरोबर पिठातल्या बेकिंग पावडरचा वायू सुटायला लागतो, तो ओट्यावरच वाया गेला. म्हणून ओव्हन आधी तापवून ठेवा, २२० अंश, फॅनचा असेल तर २००.

तिसऱ्या खेपेनं मात्र रडवलं. लोणी गार, मळणं नाही, मुरवणं नाही, तरी स्कोन एका अंगाला कलंडलेले, जेमतेम बोटभर उंच. तीन वेळा रेसिपी वाचली, ओव्हनला शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाईंना बोलावलं आणि त्यांच्यासमोर परत करायला घेतलं. त्यांनी आधी माझं लाटणंच काढून घेतलं. गोळा हातानं थापला, चांगला अडीच सेंटिमीटर जाड. मी पुऱ्यांच्या सवयीनं पातळ लाटत होते. मग मी कटर दाबून पिळला, वाटीनं करंजीची पारी कापताना पिळते तसा. “पिळू नकोस!” त्या जवळजवळ ओरडल्याच. पिळलं की कडा चिकटून बंद होते आणि स्कोन वाकडा फुगतो. कटर पिठात बुडवायचा, सरळ खाली, सरळ वर. अंडं लावायचं तेही फक्त माथ्यावर; कडेनं ओघळलं तर तेच, कडा धरून बसते. उरलेल्या तुकड्यांचे परत थापलेले स्कोन जरा ओबडधोबडच होतात, ते घरच्यांना द्यावेत.

१४ मिनिटांत फुगून वर आले, मधोमध ती हवीहवीशी भेग पडलेली. मी ओव्हनसमोर मांडी घालून बसले होते.

हां, पिठाच्या पाकिटावरची तारीख बघा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. जुन्या पिठात दम नसतो. पुण्यातल्या बहिणीला सेल्फ-रेझिंग मिळालं नाही, तिला मी १५० ग्रॅम मैद्याला २ चहाचे चमचे बेकिंग पावडर सांगितली. वर डोकावणारे सुलताना आत दाबा, नाहीतर करपून कडू लागतात.

पहिला स्कोन बाईंनाच दिला, मधोमध उघडून, जॅम लावून, वर क्लॉटेड क्रीम, म्हणजे घट्ट सायीसारखं क्रीम. त्यांनी बशी हळूच माझ्याकडे सरकवली, दुसरा स्कोन उचलला आणि स्वतःच्या हातानं आधी क्रीम लावून घेतलं. जॅम आधी लावतात ते पलीकडचे, कॉर्नवॉलवाले.