चौदा महिने आणि दोन ओळींचं पत्र : आमची वाटचाल

मुलांचं एक जुनं पुस्तक आम्हाला पुन्हा छापायचं होतं, ६४ पानांचं. सोळा पानांचे चार फर्मे, काळा-लाल दोन रंग, मधोमध दोन पिना. गोव्यात म्हापशातल्या आमच्या छपाई मशीनवर आठवड्याचं काम. त्याला चौदा महिने लागले आणि शेवटच्या दोन महिन्यांत फर्म बुडायची वेळ आली.

चूक आधी आमचीच. लेखकाच्या मुलीनं दिलेलं पत्र दोन ओळींचं : पुस्तक पुन्हा छापण्यास हरकत नाही, खाली सही. मुदत नाही, प्रती नाहीत, मोबदला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो गेला. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. आम्ही मुद्रितं तपासत बसलो. तेराव्या महिन्यात ओळखीच्या एका प्रकाशकानं लेखकाच्या मुलाची सही आणली आणि तीन आठवड्यांत पुस्तक दुकानांत. ओळखीचा म्हणजे आमच्याच टेबलावर चहा पिऊन आमची डमी, म्हणजे नमुना प्रत, चाळून गेलेला. इकडे कागद येऊन पडलेला, छपाईच्या प्लेटा निघालेल्या, चित्रकाराच्या घरी आगाऊ रक्कम पोचलेली.

त्या प्रकाशकाची प्रत भिंगाखाली धरून बघा. जुनी पानं रंगीत स्कॅन करून सरळ चार रंगांत छापली. काळं अक्षरसुद्धा चारही प्लेटांवर आलं, म्हणून त्याला एका बाजूनं गुलाबी आणि दुसऱ्या बाजूनं निळसर कड. पाठीमागचा मजकूर पुढे डोकावतो, कारण स्कॅन करताना पानामागे काळा कागद घालायचेही कष्ट नाहीत घेतले. आणि हे मुलांच्या हातात द्यायचं!

आम्ही मजकूर नव्यानं टाइप केला. मूळ प्रत १९६२च्या लेखननियमांआधीची : नांव, कांहीं, घरांत. उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, शब्द एकही बदलला नाही. ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधलं अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, अनुस्वार आणि कसरीनं पाडलेला ठिपका सारखाच दिसतो, तेव्हा दोघांनी वाचायचं. एकानं मोठ्यानं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून. कवितांतल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावला नाही. मात्रा वाढली की मूल अडखळतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी नेमली नाही, तर बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. ते आधीच बघून घ्या, छापून झाल्यावर नव्हे.

खरा घाम काढला तो लाल रंगानं. चित्रं १२०० डीपीआयवर स्कॅन करून काळं आणि लाल वेगळं केलं, कारण चार रंगांतला लाल पिवळ्या-किरमिजी ठिपक्यांचा बनतो आणि बारीक रेघ फिसकटते. आमचं मशीन एकरंगी, म्हणजे ताव दोनदा जाणार. जुलैत काळं छापलं आणि लाल दुसऱ्या दिवसावर ठेवलं. रात्रभरात कागदानं ओल ओढली, ताव फुगला, आणि कोंबड्याचा तुरा डोक्यावरून अर्धा मिलिमीटर सरकून हवेत तरंगू लागला. अख्खा फर्मा रद्दीत. आता कागद आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणतो, दोन्ही रंग एकाच दिवशी उरकतो, मधल्या वेळात थप्पी प्लास्टिकनं झाकतो. ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, सिलिंडरला समांतर. पावसाळ्यात हे जमणार नसेल तर दोनरंगी काम घेऊच नका.

शेवटी भावंडांना एकत्र बसवून नवा करार केला : मुदत, प्रती, प्रदेश, ई-पुस्तक, सगळं वेगवेगळ्या कलमांत, दोघांच्या सह्या. चित्रांचा हक्क मजकुरापासून वेगळा बघावा लागतो. चित्रांच्या हक्काचं पत्र आमच्याकडे होतं, त्या प्रकाशकाकडे नव्हतं. त्यांची उरलेली पुस्तकं दुकानांतून गुपचूप उचलली गेली. माफीचा शब्द आजवर आलेला नाही.

पुढच्या आवृत्त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. छापल्या, खपल्या.

ज्या प्रतीवरून हे सगळं केलं ती साखळी गावच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची. कव्हर गेलेलं, पिना गंजून पानांत उतरलेल्या. पिना उपटायच्या नाहीत, पाय सरळ करून मागून काढायच्या; बाईंनीच ते बजावलं होतं. दर जूनला त्या २५ प्रती नेतात, सवलत घेत नाहीत, आणि घरी जाऊन पहिलं पान ते शेवटचं पान वाचतात. तिसऱ्या आवृत्तीत ३७व्या पानावर ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा गठ्ठे अजून बांधायचे होते.