सौभद्रातला बलराम

रात्री परत संगीत सौभद्र नाटक लावलं, जुनं रेकॉर्डिंग, मधेमधे खरखरतं पण चालतंय. लावलं होतं पदांसाठी आणि डोक्यात बसला बलराम, आता काय करायचं.

म्हणायला ही अर्जुन-सुभद्रेची लव्हस्टोरी, पण अर्जुन करतो काय? तीर्थयात्रेला निघालेला, सुभद्रेचं दुर्योधनाशी ठरलंय हे कळलं की डायरेक्ट संन्यास! एवढा मोठा धनुर्धर आणि इथे अगदी प्रेमभंग झालेला कॉलेजकुमार. सगळी सूत्रं कृष्णाकडे, घटोत्कचाकरवी बहिणीला पळवून रानात अर्जुनासमोर आणतो काय, वर घरात काहीच माहीत नसल्यासारखा वावरतो काय.

त्याचा खरंतर रागच येतो मला. सुभद्रा ‘वद जाऊं कुणाला शरण’ म्हणत रडतीये, एका भावाने, म्हणजे बलरामाने, नको तिथे लग्न ठरवलंय, दुसऱ्याला सगळं माहितीये पण तो बोलत नाही. एका वाक्यात तिचा जीव भांड्यात पडला असता. पण मग नाटकच संपलं असतं म्हणा. आणि आपणही कृष्णाच्याच पार्टीत असतो ना, ती रडते तेव्हा आपल्याला पुढचं माहीत असतं म्हणून मजेत पद ऐकत बसतो. 18 नोव्हेंबर 1882ला पुण्यात पहिला प्रयोग झाला तेव्हा तीनच अंक तयार होते म्हणे, बाकीचं नाटक पुढच्या वर्षी. म्हणजे भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेला तसंच अधांतरी ठेवून लोक घरी गेले! कसे राहिले असतील देव जाणे.

पण बलराम. तो व्हिलन नाहीच, तापट आहे, हट्टी आहे, पण बहिणीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात कुठेच नाही, आणि म्हणूनच जास्त हसू येतं. यतीच्या वेषातल्या अर्जुनाला हाच भक्तिभावाने घरी आणतो, वर सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. जे होऊ नये म्हणून एवढा आटापिटा, ते स्वतःच्या हाताने जुळवून देतो बिचारा. हे काम करणारा नट नुसता ओरडला की सगळं फसतं, त्याला पूर्ण श्रद्धेने यतीच्या पाया पडता आलं पाहिजे, जराही डोळा मारायचा नाही प्रेक्षकांना.

पुढचा प्रयोग लागला की लोक विचारतील सुभद्रा कोण करतंय, मी आधी बलराम कोण ते बघणार.