धोंड्याचा भाग आणि शकुंतलेचा भोंगा

गेल्या आठवड्यात एका दुपारी भाच्याचा फोन आला. "आत्या, कॅसेट चालली. चित्र थोडं हालते, पण चालली." यवतमाळला एकाकडे त्याला चालू व्हीसीआर मिळाला. त्यावरून त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि रात्री मला पाठवली. मोबाइलवर आमचं जुनं अंगण उघडलं, कवेलूचं छप्पर दिसलं, आणि हिरव्या लुगड्यातली आजी दारात येऊन म्हणाली, "आले काय बाप्पा! वाट पाहू पाहू डोये दुखले." मी ताट बाजूला सरकवलं आणि पूर्ण २२ मिनिटं बघत बसले.

यंदा पुन्हा अधिक ज्येष्ठ आलाय. मधे २००७ला आला होता, २०१८ला आला होता, आणि त्याच्या आधी १९९९ला, १६ मे ते १३ जून. त्याच महिन्यात आम्ही कॅसेटवरचा हा आमच्या सिरियलचा भाग केला. तेव्हा मी १९ वर्षांची होते आणि दादाचं केबल होतं. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, शकुंतला रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर. दादा रात्री व्हिडिओ चॅनलवर सिनेमा लावायचा. एक दिवस म्हणाला, "आपली सिरियल करू, आपल्या गावाची." सात भाग केले आम्ही. सिरियलचं नाव आज गावात कोणी सांगू शकणार नाही, पण 'धोंड्याचा भाग' म्हटलं की चाळिशीच्या पुढची सगळी माणसं हसायला लागतात.

हा भाग अधिक महिन्यातच व्हायचं कारण साधं होतं. अधिकात लग्नाचे मुहूर्त नसतात. दारव्ह्याचे कॅमेरावाले भाऊ एरवी मे महिन्यात एका दिवसात दोन लग्नं करायचे, ते महिनाभर मोकळे. त्यांचा पॅनासॉनिकचा एम-९००० आम्हाला मिळाला, खांद्यावर ठेवायचा तो मोठा कॅमेरा, ज्याच्यात अख्खी व्हीएचएस कॅसेट बसते. पैसे घेतले नाहीत त्यांनी. कॅसेट मात्र परत द्यायची अट होती, कारण महिना सरला की त्याच कॅसेटवर पुढची लग्नं भरायची. त्या अटीकडे तेव्हा माझं लक्षही गेलं नाही.

गोष्ट अशी होती. पहिल्या धोंड्यासाठी जावई सासरी येतोय. तो शहरातला, शकुंतलेत पहिल्यांदाच बसलेला. ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मूर्तिजापूर ते यवतमाळ, सुमारे ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, कापूस वाहायला इंग्रज कंपनीने टाकलेले. मँचेस्टरला १९२१मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला होतं, ते १५ एप्रिल १९९४ला काढलं आणि डिझेलचं आलं. फाटकावर माणूस नसायचा. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची, गाडीतलाच एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. आम्हाला यात काही नवल नव्हतं. पण जो पहिल्यांदा बसला त्याला वाटणार, स्टेशन आलं!

आमचा जावई प्रत्येक फाटकाला पिशवी घेऊन उतरतो. उतरला की गाडी हलते. तो पळतो, चढतो, बसतो, घाम पुसतो, की पुढचं फाटक. तिसऱ्या फाटकाला तो ठरवतो की आता उतरायचंच नाही, आणि ते खरंच आमचं स्टेशन असतं. इकडे सासरा बैलबंडी घेऊन उभा, त्याच्या डोळ्यांसमोरून जावई खिडकीत बसून निघून जातो.

जावई झाले होते शाळेतले मास्तर. गार्ड, चहावाला, फाटकापाशी बकऱ्या चारणारा म्हातारा आणि शेवटी येणारा भटजी, हे चारही एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. ही कल्पना दादाची. लहानपणी त्याने शेजाऱ्यांच्या टीव्हीवर 'ये जो है जिंदगी' बघितली होती, १९८४ची. त्यात सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस व्हायचे. दादा म्हणायचा, एक चांगला नट असला तर अख्खं गाव उभं करता येतं. काकांनी ते खरं करून दाखवलं. चहावाला करताना ते डाव्या पायाने किंचित लंगडायचे. ते आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि पहिल्या खेपेला मी ते चुकीचं केलं. सासू, सासरे, मुलगी, जावई या सगळ्यांच्या तोंडी मी पुस्तकातली भाषा घातली. वऱ्हाडी फक्त गड्याच्या तोंडी. मी टीव्हीवर तेच बघत आले होते. शहाणी माणसं एका भाषेत बोलतात आणि ज्याला हसायचं तो आपल्या भाषेत बोलतो. मला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

खटकलं आजीला. आजी म्हणजे शेजारची, सासूचं काम तिचं. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायची आणि ती पाठ करायची. पहिलंच वाक्य होतं, "या जावईबापू, आपली वाटच पाहत होतो आम्ही." आजीने दोनदा म्हणून बघितलं आणि सुपातली डाळ निवडता निवडता थांबली.

"मले नाई जमत बाप्पा असं. आपल्या घरी जावयासंगं कोनी असं बोलते काय?"

"मग कशी बोलशील आजी?"

"मी त म्हनीन, आले काय बाप्पा, वाट पाहू पाहू डोये दुखले."

दादा बाजेवर वायर सोलत बसला होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "हेच लिही वं." मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून सगळं नव्याने लिहायला घेतलं. सासरा वऱ्हाडीत, मुलगी वऱ्हाडीत, भटजीसुद्धा वऱ्हाडीत. लिहिताना माझे हात भरभर चालत होते हे मला अजून आठवतं. शब्द शोधावे लागत नव्हते. सासऱ्याचं एक वाक्य पुढे दोन-तीन वर्षं गावात चाललं. जावई खिडकीतून पुढे निघून जातो तेव्हा तो बैलांकडे बघून म्हणतो, "चला राजेहो, आपुनच जाऊ घरी, पाव्हना यवतमायले राह्यते म्हंते."

अनारशांचा प्रसंग मात्र माझ्या डोक्यातला नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे.

हिंदी मालिकांत मागून हसण्याचा आवाज यायचा आणि दादाला तो हवाच होता. मी टेपरेकॉर्डर घेऊन मोठ्या काकूंच्या अंगणात गेले. कुरोड्यांचा दिवस होता. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून काढलेला चीक पहाटेच गंजात शिजत होता. दोघी जणी लाकडी दांड्याने तो घोटत होत्या, एकीने पदर कमरेला खोचून गंज पायाने दाबून धरलेला. शिजून चीक काचेसारखा चमकायला लागला की गरम गरम सोऱ्यात भरायचा आणि बाजेवर टाकलेल्या धोतरावर कुरोड्या घालायच्या. थंड झाला की संपलं, सोऱ्या फिरतच नाही. त्यामुळे तिथे सगळ्यांचे हात घाईत आणि तोंडं मोकळी असतात. पण मी मशीन पुढे ठेवलं आणि सगळ्या गप्प. कोणी हसेच ना.

मग मी ते उलट्या टोपलीखाली ठेवलं आणि काकूंना म्हटलं, तुमच्या पहिल्या धोंड्याचं सांगा न. काकू सांगू लागल्या. काकांच्या पुढे ३३ अनारशांचं ताट ठेवलं, दिवा लावला, ओवाळलं. काकांना वाटलं, देवाचं आहे, उष्टं टाकायचं नाही, ताट संपवलंच पाहिजे. सासू आत गेली आणि ते एकटे बसून खायला लागले. सतराव्या अनारशाला त्यांनी हळूच विचारलं, "थोडं पानी भेटन काय?"

काकूंचं हसणं असं होतं की आधी आवाजच नाही. खांदे हलायचे, डोळे मिटायचे, आणि मग अचानक उचकीसारखा एक 'हिक्' निघायचा. त्या हिक्-वर बाकीच्या फुटायच्या. टोपलीखाली सगळं भरलं गेलं. मी तिथेच काकूंना विचारून तो प्रसंग आमच्या जावयाला दिला.

चित्रीकरणाला खरे अनारसे लागले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटून गुळात मळून पीठ मुरवायचं, असं सगळं आईने केलं आणि मोजून तेहतीसच तळले. प्रत्येक रीटेकला मास्तर एक खायचे, आणि पुढच्या शॉटला ताटात किती असायला हवेत ते बघणं माझं काम. शेवटी आठ उरले होते आणि गोष्टीत ताट भरलेलं दिसायला हवं होतं. आईने खाली भाकरीचे तुकडे रचले, वर आठ अनारसे मांडले. आता स्क्रीनवर मी नीट बघितलं, एका कोपऱ्यात भाकरीची कड दिसते.

आजीचं लुगडं हिरवं असण्याचंही कारण आहे. तिला लालच नेसायचं होतं. कॅमेरावाले भाऊ म्हणाले, लाल नको, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना लाल रंग पसरतो, चेहऱ्यावर येतो. आमचं एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर रेकॉर्ड दाबून पॉज, आणि हवा तो शॉट आला की पॉज सोडायचा. मशीन उचलायला जरा वेळ घ्यायचं, म्हणून मी मनात मोजून आधीच सोडायची. लाईन गेली की तो तुकडा पुन्हा. असे बावीस मिनिटांना आम्हाला नऊ रात्री लागल्या.

त्यानंतर आवाजाचं काम. शेतात वारा, गाडीत इंजिनाची धडधड, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये बोलणं कुठल्या कुठे दडपून गेलेलं. दादा म्हणाला, गाडीचा सगळा प्रसंग नव्याने बोलू. व्हीसीआरला 'ऑडिओ डब' बटण होतं. ते दाबलं की चित्र तसंच राहतं आणि नवा आवाज बसतो, जुना पुसला जातो. मधल्या खोलीत दाराला गोधड्या लावून आम्ही सगळे एका माइकभोवती बसलो. मास्तर हातात वही घेऊन जागच्या जागी पळत होते, म्हणजे धाप खरी लागावी. काकूंच्या हसण्याची कॅसेट मी टेपरेकॉर्डरवर वेळ बघून वाजवत होते. आणि गाडीचा भोंगा? तो ड्रायव्हरकाकांनी पाणी भरायच्या पितळेच्या रिकाम्या गुंडात तोंड घालून काढला. इतका हुबेहूब की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज गाडी एवढ्या रात्री?"

वर्ल्ड कप चालू होता, त्यामुळे सामन्याच्या रात्री लावायची सोय नव्हती. १२ जूनला भारत न्यूझीलंडशी हरला. दुसऱ्या दिवशी रविवार, अधिकाची अमावास्या. संध्याकाळी दादाने भाग लावला. मी छतावर गेले होते. पहिल्या फाटकाला जावई उतरला आणि आजूबाजूच्या घरांतून एकदम हसू आलं, वेगवेगळ्या अंगणांतून, एकाच क्षणाला. कॅसेटमधल्या काकू आणि त्यांच्या घरातल्या खऱ्या काकू, दोन्ही हिक् मला ऐकू आले. अनारशांच्या ऐन मधे लाईन गेली. लाईन आली तेव्हा आमच्या दारात तीसेक माणसं उभी होती, पहिल्यापासून लावा म्हणून. त्या आठवड्यात तीन वेळा लावला.

काकू गेल्या, आजी गेली, ड्रायव्हरकाका गेले. शकुंतला बंद होऊन बरीच वर्षं झाली. मोबाइलवर तो भाग बघताना गाडी समोर आली. तीच बुटकी, डुलत येणारी, दारात गार्ड उभा, मागे पळसाची झाडं. आणि आवाज होता गुंडाचा. मी मोबाइल कानाला लावून ऐकलं. इंजिन नाही, रुळाचा ठेका नाही. ते सगळं आम्ही स्वतःच्या हाताने बटण दाबून पुसलं होतं, गोंगाट म्हणून. मूळ कॅसेट भाऊंना परत गेल्या आणि जूनच्या मुहूर्तांत त्यांवर लग्नं चढली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी भाच्याला सांगितलं, भाऊंकडे जा, १९९९च्या जूनमधल्या लग्नांच्या काही कॅसेट पडल्या असतील तर माग. भाऊ आता थकले आहेत. पण त्यांनी पोत्यात बांधून ठेवलेल्या १४ कॅसेट काढून दिल्या. भाचा रोज दोन लावतो, लग्न संपल्यावरही पुढे सोडून देतो आणि शेवटपर्यंत बसतो. काल नवव्या कॅसेटवर मुलीची पाठवणी झाली, जीप वळणावरून गेली, मग पडद्यावर मुंग्या आल्या. आणि मुंग्यांमधून आमचं फाटक.

अकरा सेकंद आहेत. मास्तर पिशवी घेऊन उभे आहेत, वाऱ्याने शर्ट फुगलाय. इंजिन धडधडतंय आणि भोंगा वाजतो, लांब, शेवटी थोडा खाली उतरणारा. मास्तर बोलायला तोंड उघडतात, तर कॅमेऱ्यामागून दादाचा तरणा आवाज येतो, "थांबा मास्तर, थांबा. हा आवाज जाऊ द्या पहिले."