छताखालचा समुद्र रचताना: माझा अनुभव

माझ्या काल्पनिक जगाच्या नकाशावर जमिनीखालचा समुद्र मी पहिल्याच बैठकीत रेखाटला होता. लांबी ४०० किलोमीटर, काठावर पाच बंदरे, पाण्यावर शिडांची गलबते आणि वर, दिव्याचा उजेड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, दगडी छत. त्यावर कादंबरीची सहा प्रकरणे लिहूनही झाली होती. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: "हे छत कशावर उभे आहे?" 'जादूवर' असे सांगून सुटता आले असते, परंतु माझ्या कथेतील जादूची किंमत मोजावी लागते, आणि एवढा डोंगर अहोरात्र तोलून धरण्याची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

म्हणून खऱ्या गुहांकडे वळले. मलेशियातील सारावाक दालन १९८१ साली सापडले. जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात भूमिगत दालनांत त्याची गणना होते, तरी त्याची लांबी सुमारे ६०० मीटरच भरते. त्या हिशेबाने माझी पाचही बंदरे एकमेकांच्या डोक्यावर रचावी लागली असती. त्यानंतर अंटार्क्टिकातील व्होस्टोक सरोवराविषयी वाचले: लांबी सुमारे २५० किलोमीटर, आणि वर जवळपास ४ किलोमीटर जाडीचा बर्फ. हे छत कोसळत नाही, कारण ते त्या पाण्यावरच तरंगत असते. हे समजताच प्रश्न सुटला असे वाटून मी प्युमिस या सच्छिद्र, पाण्यावर तरंगणाऱ्या ज्वालामुखीजन्य दगडाचे छत रचण्यात पंधरा दिवस घालवले. तरंगणारे छत पाण्याला टेकलेले असते, मध्ये हवा उरत नाही, आणि जिथे हवा नाही तिथे गलबतही नाही, ही साधी गोष्ट सोळाव्या दिवशी ध्यानात आली.

अखेर अखंड समुद्राचा हट्ट सोडला. आता तिथे चुनखडीतील शेकडो दालनांची माळ आहे. ती अरुंद खिंडींनी जोडलेली असल्यामुळे पाणी सगळीकडे जवळपास एकाच पातळीवर राहते आणि तिथले नावाडी त्या सर्वांना मिळून एकच समुद्र म्हणतात. वर जमिनीवर पाऊस झाला की पाणी चढते, खिंडीतील हवेची फट बुजते आणि पलीकडचे गाव कित्येक आठवडे तुटून पडते. वाऱ्याचा प्रश्नही इथेच निकालात निघाला. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की मोठ्या गुहा उच्छ्वासासारखी हवा बाहेर टाकतात आणि दाब चढला की ती आत ओढतात. अमेरिकेतील साउथ डकोटामधल्या 'विंड केव्ह'चे नावच त्यावरून पडले आहे. हा वारा अरुंद तोंडाशी जोराने वाहतो, विस्तीर्ण दालनात मात्र जाणवतही नाही. त्यामुळे शिडे उतरवली, वल्ही आणली, आणि जिचा मला फार अभिमान होता ती तिसऱ्या प्रकरणातील वादळाची आठ पाने काढून टाकली. भरती-ओहोटीही गेली, कारण इतक्या लहान कुंडांत ती जाणवण्याएवढी होत नाही.

सर्वांत जास्त रेंगाळले ते अन्नापाशी. ऊन नाही तिथे हिरवे काही उगवत नाही, मग मासे जगणार कशावर? रोमानियातील मोविले गुहा १९८६ साली उघडकीस आली. ती सुमारे ५५ लाख वर्षे बाहेरच्या जगापासून तुटलेली होती, आणि तिच्यातील जीवसृष्टी हायड्रोजन सल्फाइड व मिथेन यांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या थरावर पोसली जाते. तो नमुना मी उचलला खरा, परंतु त्या गुहेतील हवेच्या कप्प्यांत ऑक्सिजन बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असतो, हे वाचून थबकले. मेणबत्तीची ज्योत ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांखाली गेला की विझते. माणूस मात्र धापा टाकत का होईना, त्याच्या थोडे खालीही काही काळ तग धरतो. म्हणजे माझ्या समुद्रात जिथे मासळी दाट, तिथे दिवा जळणार नाही. या अडचणीतून मला कोळ्यांची एक अख्खी जमात मिळाली: ज्योत मंदावली की जाळे सोडणारी, आणि ती विझल्यानंतर मारलेले प्रत्येक वल्हे परतीसाठी मोजून ठेवणारी. पुराणांतील पाताळात नागांच्या फण्यांवरचे मणी उजेड देतात. तसा एखादा मणी ठेवून देण्याचा मोह अनेकदा झाला, पण तो ठेवला असता तर ही माणसे कथेत उरलीच नसती.

यानंतर भाषा दुरुस्त करावी लागली. सहा प्रकरणांत 'दिसले' हे क्रियापद इतक्या वेळा आले होते की मोजताना लाज वाटली. 'किर्र काळोख' हा आवडता शब्दही गेला, कारण त्यातली किरकिर रानातल्या रातकिड्यांची असते आणि माझ्या गुहेत रातकिडे नाहीत. त्याऐवजी सुकाणूवरचा माणूस फळीवर लाकूड आपटून प्रतिध्वनीची वाट पाहू लागला. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून दोन सेकंदांनी परतलेला आवाज ३४० मीटरांवरील भिंत सांगतो. नवा नकाशा मी याच मापाने काढला; त्यावर अंतरे नाहीत, प्रतिध्वनीचे ठोके आहेत.

खारेपणाने मात्र शेवटपर्यंत पिच्छा पुरवला. गुहेतील हवा ओलाव्याने भरलेली असल्यामुळे बाष्पीभवन नगण्य, मग पाणी खारट होणार कशाने? शेवटी दक्षिणेच्या दालनाच्या तळाशी मिठाचा खडक ठेवला. तिथे खाली जड, खारे पाणी साचते आणि वर गोडे पाणी राहते. अशा ठिकाणी जहाज अकारण रेंगाळते. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ साली 'फ्राम' जहाजावर हे अनुभवले होते. जहाजाची शक्ती दोन थरांच्या सीमेवर, पाण्याच्या आत लाटा उठवण्यात खर्ची पडते. सध्या मी तेच प्रकरण लिहीत आहे. पाणी निश्चल आहे, बारा जण जीव तोडून वल्ही मारत आहेत, आणि भिंतीवरून परतणारा आवाज अजूनही तितक्याच ठोक्यांनी येतो आहे.