अर्सलानबोब : अक्रोडाच्या रानातलं गाव

किर्गिझस्तानात बाबाश-आता डोंगराच्या पायथ्याशी, साधारण 1600 मीटर उंचीवर अर्सलानबोब आहे. वस्ती बहुतेक उझबेक. ओश किंवा जलालाबादहून बझार-कोर्गोन गाठायचं आणि तिथे मार्शरुत्का, म्हणजे आपलं वडापच, बदलायची. धबधबे दोन, 23 आणि 80 मीटरचे. पण आपल्या कोकणातल्या बागायतदारांनी जावं ते सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरात, अक्रोडाच्या हंगामात. नैसर्गिक वाढलेल्या अक्रोडाचं एवढं मोठं रान जगात दुसरीकडे नाही.

रान सरकारी. आपल्याकडे आंब्याची कलमं करारानं देतात, तसे तिथे घराघराला रानाचे तुकडे मिळतात. हंगामात अख्खं कुटुंब रानात तंबू ठोकतं. आंबे उतरवायचा जाळीचा झेला वगैरे काही नाही. माणूस वर चढून फांदी गदागदा हलवतो, खाली बायकापोरं वेचतात. चढणारे पडतातही. फांदी हलत असताना झाडाखाली थांबू नये.

हिरवी साल आपोआप उकलली की फळ तयार. घाईनं पाडलं तर साल कवचाला चिकटून राहते आणि गर सुरकुततो. पाडलेलं फळ सालीसकट ढिगात राहिलं तर सालीचा रस आत उतरून गर काळवंडतो, भाव पडतो. ओले काजूगर सोलताना चिकानं हात भाजतात, तसे इथे हात काळे होतात. साबणानं जात नाहीत, कातडी बदलेल तेव्हाच डाग जातो.

सोललेले अक्रोड पातळ पसरून, हलवत, हवेशीर जागी वाळवतात. कडक उन्हात कवच तडकतं. वाळले की नाही ते एक फोडून बघायचं: दोन फाकांमधला पडदा कटकन मोडला तर झाले, वाकला तर अजून ओल आहे. विकत घेतानाही हीच परीक्षा करा. कोकणच्या दमट हवेत सोललेला गर लवकर खवट होतो. कवचासकट आणा, फोडल्यावर हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा.

पीक दरवर्षी सारखं येत नाही. वसंतात मोहराच्या वेळी हिमकडाका पडला की वर्ष गेलं. आपल्या मोहरावर अवकाळी पाऊस पडावा तसंच. पण त्याहून मोठी काळजी रोपांची आहे. पडलेली फळं जवळजवळ सगळी वेचली जातात, चुकून रुजलेलं रोप गुरं-मेंढरं खातात. त्यामुळे जुनी झाडं भरपूर, पोरसवदा झाड शोधावं लागतं. आंबा उतरवल्यावर मोकाट सुटलेल्या गुरांनी नवी कलमं खाल्लेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते रान बघताना पोटात कालवेल.